कमी खर्चात रिफ्यूजियम: सम्पमधल्या बायोबॉलच्या कप्प्यात शेवाळ कसं वाढवायचं

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नायट्रेट ४० पीपीएमच्या (लिटरमागे ४० मिलिग्रॅमच्या) खाली येत नाही, दगडांवर केसाळ शेवाळ चढतंय आणि पाणी बदलून बदलून मिठाची बादली रिकामी होतेय, अशा वेळी बहुतेक जण आणखी एखादं मिडिया (फिल्टरमध्ये भरायचा माल) किंवा औषध आणतात. त्यापेक्षा सम्पमधल्या, म्हणजे मुख्य टाकीखाली फिल्टरसाठी ठेवलेल्या दुसऱ्या टाकीतल्या, एका कप्प्यात मुद्दाम शेवाळ वाढवणं स्वस्त पडतं आणि जास्त काळ टिकतं. शेवाळाला वाढायला नायट्रेट आणि फॉस्फेट लागतंच. मग ते आपण ठरवलेल्या जागी, आपण दिलेल्या उजेडात वाढू द्यायचं आणि वाढलं की उपटून बाहेर काढायचं. रिफ्यूजियम म्हणजे मुळात एवढंच. मासे तिथे पोचत नसल्यानं कोपेपॉड, ॲम्फिपॉड असले बारीक जीव (थोडक्यात पॉड) त्यात निवांत वाढतात, हा वरचा फायदा.

टाकीच्या काठावर लटकवायचे तयार हँग-ऑन रिफ्यूजियम मिळतात, पण त्यांची गरज नाही. आपल्याकडे बनवून घेतलेल्या बहुतेक सम्पना तीन कप्पे असतात: पहिल्यात स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून मळ काढणारं उपकरण), मधल्यात बायोबॉल (जीवाणू बसण्यासाठीचे प्लास्टिकचे गोळे) किंवा सिरॅमिक रिंग, शेवटच्यात पाणी वर टाकीत परत पाठवणारा रिटर्न पंप. मधला कप्पा मोकळा करून वापरायचा. नवी काच चिकटवायची नाही, टाकी रिकामी करायची नाही. खर्च होतो तो दिव्यावर आणि टायमरवर. बाकी किरकोळ.

हिशोबासाठी एक टाकी

पुढचे आकडे एका ठरावीक मापाचे आहेत. तुमची मापं वेगळी असतील, पण गणित हेच.

टाकी चार फुटी: १२० सेंमी लांब, ४५ रुंद, ५० उंच. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी साधारण २२० लिटर. खालचा सम्प आतून ९० × ३५ × ४० सेंमी. स्किमरचा कप्पा ३४ सेंमी, मधला २८, रिटर्नचा २४, उरलेली जागा काचांची आणि त्यांच्यामधल्या फटीची. स्किमरच्या कप्प्यात पाण्याची पातळी २३ सेंमी. तिथून पाणी एका काचेवरून सांडतं, दुसऱ्या काचेच्या खालच्या ३ सेंमी फटीतून मधल्या कप्प्यात शिरतं, वर चढतं आणि २० सेंमी उंचीच्या शेवटच्या काचेवरून रिटर्नच्या कप्प्यात पडतं. रिटर्नची पातळी १६ सेंमी. पंपाचा वाहता दर, म्हणजे खोक्यावर छापलेला नव्हे तर उंची चढून गेल्यावर प्रत्यक्ष मिळणारा, ताशी २००० लिटर.

मधल्या कप्प्यात पाणी २८ × ३५ × २०, म्हणजे जवळपास २० लिटर. टाकीच्या पाण्याच्या दहा टक्के तरी रिफ्यूजियम हवा असं म्हणतात. हे त्याहून जरा कमीच आहे. त्याची फिकीर करू नका. किती लिटर यापेक्षा किती चौरस सेंमीवर चांगला उजेड पडतो, याला जास्त महत्त्व आहे.

आधी वीज घालवून बघा

काहीही विकत घ्यायच्या आधी हे करायचं. रिटर्न पंपाचं बटण बंद करा, वरचं पाणी पूर्ण उतरू द्या आणि सम्पमध्ये पाणी जिथवर चढलं तिथे बाहेरून टेप लावा.

आपल्या मापात वरच्या टाकीचा १ सेंमी म्हणजे ५.४ लिटर. पंप थांबल्यावर पातळी ३ सेंमी उतरली तर १६ लिटर, पाइप आणि ओव्हरफ्लो बॉक्समधलं (टाकीतलं वरचं पाणी सम्पकडे सोडणारा कप्पा) मिळून २० लिटर खाली येतं. आधी रिटर्नचा कप्पा १६ वरून २० पर्यंत भरतो, त्यात सुमारे साडेतीन लिटर जातं. मग मधला आणि रिटर्न दोन्ही मिळून २३ पर्यंत चढतात, त्यात साडेपाच. उरलेलं ११ लिटर सगळ्या सम्पभर पसरतं आणि पातळी साडेसव्वीस सेंमीपर्यंत जाते.

साडेसव्वीसचा हा आकडा लिहून ठेवा. सम्प वाहून जाणार नाही हे त्यातून कळतंच, पण रिफ्यूजियमवाल्यांसाठी त्यात आणखी एक गोष्ट आहे. वीज गेली की पाणी सगळ्या काचांच्या वर चढतं आणि तरंगणारं शेवाळ शेजारच्या कप्प्यांत पोहत जातं. वीज परत आली की त्याचे धागे पंपाच्या तोंडात जातात, पाण्याचा दर निम्म्यावर येतो आणि चार दिवसांनी कधीतरी पंप गरम होऊन थांबतो. म्हणून शेवाळाभोवतीची जाळी नेहमीच्या पातळीपेक्षा थोडी वर असून भागत नाही, ती वीज गेल्यावरच्या पातळीच्या वर हवी. इथे ३० सेंमीच्या पुढे.

सामान

- ३० वॅटचा एलईडी फ्लडलाइट, ६५०० केल्विन, पांढरा. लाल-निळा ग्रो लाइट मिळाला तर तोही चालेल.
- टायमर सॉकेट. शक्यतो आत बॅटरी असलेला डिजिटल.
- एगक्रेट शीट, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या ट्यूबलाइटखाली बसवतात ती पांढरी चौकड्यांची प्लास्टिक जाळी.
- प्लास्टिक कॅनव्हास, चार-पाच शीट. लोकरीची तोरणं ज्या जाळीवर विणतात तीच. भरतकामाच्या सामानाच्या दुकानात मिळते.
- नायलॉनचे केबल टाय, एक पाकीट.
- अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे ४ सेंमी लांबीचे चार तुकडे.
- ५ मिमी काचेचा तुकडा, ३० × ३८ सेंमी, कडा घासून घेतलेला.
- काळी सनपॅक शीट, अर्धा मीटर.
- चेटो शेवाळ, नारळाएवढा गोळा.

दिवा आणि टायमर मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळतात. शेवाळ सोडून सगळं मिळून साधारण दोन ते अडीच हजारांत बसतं. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे दिवा आणि टायमरचे, आणि तिथे काटकसर करू नये. चेटोचा भाव मात्र दुकानदार आणि हंगाम ठरवतो. खाऱ्या पाण्याची टाकी असलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडे ते वाढत असेल तर तो बहुधा फुकटच देईल, कारण त्याला ते दर महिन्याला फेकावं लागतं.

पाण्यात जाणारी यातली एकही वस्तू धातूची नाही, हे मुद्दाम. जीआय तार, पितळी व्हॉल्व्ह, स्टेपलरच्या पिना, काहीही पाण्यात किंवा पाण्याच्या वर लटकता कामा नये. तांब्याचा अंश अगदी थोडा असला तरी कोळंबी, गोगलगायी आणि ज्या पॉडसाठी खटाटोप करतोय तेच मरतात.

कप्पा मोकळा करणं

बायोबॉल एका दिवसात काढू नका. त्यांच्यावर अमोनिया खाणारे जीवाणू बसलेले असतात. दर आठवड्याला चौथा हिस्सा काढायचा आणि दोन दिवसांनी अमोनिया तपासायचा. शून्य आला तरच पुढचा हिस्सा. वर टाकीत वीसेक किलो लाइव्ह रॉक (जीवाणू वसलेले समुद्री दगड) असेल तर चार आठवड्यांत कप्पा निर्धास्त रिकामा होतो. दगड कमी आणि मासे जास्त अशी टाकी असेल तर निम्मं मिडिया जाळीच्या पिशवीत भरून स्किमरच्या कप्प्यात ठेवून द्या.

रिकामा झाल्यावर तळाशी तपकिरी गाळ दिसेल. सायफनच्या नळीनं तो सगळा ओढून घ्या. नायट्रेट वाढण्याचं एक मोठं कारण हा गाळच असतो, त्यामुळे पुष्कळ टाक्यांत शेवाळ टाकायच्या आधीच आकडा थोडा खाली येतो.

टोपली

जाळी काचेला चिकटवण्यापेक्षा कप्प्यात बसणारी टोपली बनवा. एगक्रेटचे पाच तुकडे कापायचे: तळ २६ × ३३ सेंमी, दोन बाजू २६ × २७, दोन बाजू ३३ × २७. एगक्रेट साध्या कटिंग प्लायरनं कटाकट तुटतं. तुकडे उडतात, चष्मा घाला. कोपऱ्यांत केबल टाय, दर ५-६ सेंमीवर एक. मग आतून चारही बाजूंना आणि तळाला प्लास्टिक कॅनव्हास लावून तोही टायनं बांधा. टायची टोकं कापली की धारदार राहतात, ती बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर दर वेळी हात घालताना ओरखडे. खाली चार कोपऱ्यांत पीव्हीसीचे तुकडे पायांसारखे बांधा.

टोपली उभी राहिली की तळ ४ सेंमीवर आणि वरची कड ३१ सेंमीवर येते, म्हणजे वीज गेल्यावरच्या साडेसव्वीसच्या बरीच वर. चारही बाजूंनी जाळी असल्यानं शेवाळ स्किमरकडेही जात नाही आणि पंपाकडेही. भोवती सेंमीभर मोकळी जागा असल्यानं जाळी पूर्ण तुंबली तरी पाणी बाजूनं निघून जातं, कप्पा भरून सांडत नाही. काचेवर बसवलेल्या जाळीची नेमकी हीच भीती असते. आणि तळ साफ करताना टोपली जशीच्या तशी उचलून बादलीत ठेवता येते.

एगक्रेटच्या चौकड्या सव्वा सेंमीच्या असतात, त्यातून चेटोचे धागे आरामात निसटतात. म्हणून कॅनव्हास हवाच. मच्छरदाणीची जाळी मात्र लावू नका, ती पाचव्या-सहाव्या दिवशी चिखलानं बंद होते.

तळाशी वाळू घालायची का? आमचं उत्तर नाही असंच आहे. जाड वाळूचा थर नायट्रेट कमी करतो हे खरं, पण त्यासाठी १० ते १५ सेंमी वाळू लागते आणि २० सेंमी पाण्यात ती घातली तर शेवाळाला जागा कुठे उरणार? पातळ थर तर नुसता गाळ धरून ठेवतो. पॉडना लपायला मूठभर कोरड्या दगडाचे तुकडे टोपलीच्या तळाशी पुरतात. हे तुकडे मालवणच्या किंवा आणखी कुठल्या किनाऱ्यावरून उचलून आणू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडा प्रवाळाचा आहे की साधा दगड, हे वनखात्याच्या माणसाशी वाद घालून ठरवण्यात मजा नाही.

पाण्याचा वेग

रिफ्यूजियममधून पाणी हळू गेलं पाहिजे, म्हणजे शेवाळाला ते 'शोषायला वेळ मिळतो', हा समज फार पसरलेला आहे. त्यासाठी लोक वेगळी लाइन, वेगळा व्हॉल्व्ह बसवतात. पाणी एकदाच जाऊन परत येणार नसतं तर ते बरोबर ठरलं असतं. इथे तेच पाणी दिवसभर फिरत असतं. उलट पाणी फार संथ असलं तर प्रत्येक धाग्याभोवती साचलेल्या पाण्याचा पातळ थर तयार होतो, त्यातलं नायट्रेट संपतं आणि शेवाळ भर पाण्यात उपाशी राहतं. वर गाळ बसतो तो वेगळाच.

ताशी २००० लिटर हा आकडा २० लिटरच्या कप्प्याला भयंकर वाटतो, तासाला शंभर वेळा पाणी बदललं! पण पाणी ज्या आडव्या क्षेत्रातून वर चढतं ते २८ × ३५ म्हणजे ९८० चौरस सेंमी आहे. भागाकार केला तर वेग सेकंदाला जेमतेम ०.६ सेंमी येतो. यात शेवाळ हलतसुद्धा नाही. तेव्हा सगळं पाणी बिनधास्त यातूनच जाऊ द्या.

गोळा मोठा होऊन मध्ये घट्ट झाला की पाणी त्याला वळसा घालून जातं. तेव्हा टोपलीच्या कोपऱ्यात ताशी ३००-५०० लिटरचा छोटा पंप, तोंडाला स्पंज लावून, गोळ्याच्या एका बाजूवर रोखून ठेवला तर गोळा हळूहळू गोल फिरू लागतो आणि सगळ्या बाजूंना उजेड मिळतो. पहिल्या महिन्यात याची गरज नाही.

मधला कप्पाच नसलेल्या सम्पवाल्यांसाठी: सम्पशेजारी २५-३० लिटरचा फूडग्रेड प्लास्टिकचा क्रेट वीटभर उंचीवर ठेवा, रिटर्न लाइनला टी आणि प्लास्टिकचा बॉल व्हॉल्व्ह लावून त्यात पाणी सोडा आणि क्रेटच्या बाजूला एक इंची टँक कनेक्टर बसवून ते सम्पमध्ये उतरवा. दर मोजायला लिटरची बाटली पुरते. १२ सेकंदांत भरली तर ताशी ३०० लिटर. इथे बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा किमान दुप्पट मोठा हवा आणि त्याच्या तोंडावर जाळीचा मोठा पिंजरा हवा. हा तुंबला तर पाणी थेट फरशीवर येतं, म्हणून शक्य असेल तर आधीचाच मार्ग धरा.

दिवा

टोपलीच्या वर सम्पच्या काठावर काचेचा तुकडा ठेवा आणि त्याच्या वर, कपाटाच्या आतल्या बाजूला, दिवा तोंड खाली करून बसवा. पाण्यापासून २० ते २५ सेंमी अंतर योग्य. काच थोडा उजेड खाते, पण मिठाचे शिंतोडे दिव्यावर उडू देत नाही. काच नसेल तर ॲल्युमिनियमच्या बॉडीवर सहा महिन्यांत पांढरा गंज दिसतो आणि मग आत पाणी जातं. काच दर रविवारी पुसायची. वाळलेलं मीठ उजेड काचेपेक्षा कितीतरी जास्त अडवतं.

कपाट बुटकं असेल तर दिवा सम्पच्या पुढच्या काचेला बाहेरून टेकवून लावता येतो. मग आतल्या काचेवरचा हिरवा थर आठवड्यातून दोनदा काढावा लागतो.

बाकीच्या कप्प्यांवर उजेड पडू देऊ नका, नाहीतर पंपावर आणि स्किमरच्या नळ्यांवर शेवाळ येतं. काळी सनपॅक शीट त्यासाठीच आहे.

वायरिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक झाली तर मासे नव्हे, माणूस जातो. मिठाचं पाणी, २३० व्होल्ट आणि बंद कपाट एकत्र आहेत. सम्पची सगळी उपकरणं ज्या सॉकेटवर आहेत त्याला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, आणि अर्थिंग खरोखर चालू आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या तळाला ठेवू नका, बाजूच्या भिंतीवर वर स्क्रूनं बसवा. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी सॉकेटच्या खाली झोका देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. हात पाण्यात घालण्याआधी दिवा बंद.

वेळ: वरच्या टाकीचा दिवा बंद झाला की खालचा चालू. रात्री टाकीत सगळेच जीव फक्त श्वास घेत असतात, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच पडतो. त्याच वेळी खाली शेवाळ तो वापरत असेल तर रात्रीची घसरण कमी होते. पहिला आठवडा ८ तास, मग १२, मग १४. चोवीस तास दिवा ठेवल्यानं वाढ त्या प्रमाणात वाढत नाही, बिल मात्र वाढतं. ३० वॅट रोज १४ तास म्हणजे महिन्याला साडेबारा युनिट.

डिजिटल टायमर घ्या म्हणण्याचं कारण साधं आहे. चाकाचा टायमर वीज गेली की थांबतो. दोन तास वीज नसेल तर तो दोन तास मागे पडतो. जिथे आठवड्यातून दोन-तीनदा वीज जाते तिथे महिन्याभरात रात्रीचा दिवा भर दुपारी लागतो, आणि कपाट बंद असल्यानं कुणाला कळतही नाही.

शेवाळ कोणतं

चेटो, म्हणजे कीटोमॉर्फा. दिसायला हिरव्या मासेमारीच्या दोऱ्याच्या गुंत्यासारखं. मूळ धरत नाही, कुठेही चिकटत नाही, एका मुठीत बाहेर येतं. कॉलर्पा दिसायला सुंदर, वाढतंही झपाट्यानं, पण ते आडव्या धुमाऱ्यांनी जाळीतून पलीकडे जातं. शिवाय कधीतरी एका रात्रीत सगळं शरीर बीजपेशी सोडून देतं. सकाळी पाणी दुधाळ हिरवं, शेवाळ पांढरं पडलेलं आणि शोषलेलं सगळं नायट्रेट परत पाण्यात. शेवाळ खाणारे टँग मासे असतील तर उल्वा (पानासारखं हिरवं शेवाळ) ठेवायला हरकत नाही, काढलेलं सगळं त्यांना खायला घालता येतं.

विकत आणलेलं किंवा कुणाकडून घेतलेलं चेटो थेट टाकीत टाकू नका. टाकीतल्याच बदललेल्या खाऱ्या पाण्यात तीन-चार वेळा खळबळून पांढऱ्या ट्रेमध्ये पसरा. बोटाच्या पेराएवढं, तपकिरी, फुलासारखं काही दिसलं तर ते एप्टेशिया, म्हणजे टाकीभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल. तो भाग कापून फेका. नळाच्या पाण्यात धुतलं तर पॉड मरतात आणि शेवाळही दुखावतं. ज्या टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला होता तिथलं शेवाळ असेल, किंवा तशी शंका असेल, तर मासे नसलेल्या बादलीत दिवा आणि हवेचा पंप लावून ठेवा. या छंदात त्यासाठी ७६ दिवसांचा आकडा रूढ आहे. कंटाळवाणं आहे खरं, पण त्या परजीवीच्या गाठी दगडावर बसतात तशा शेवाळावरही बसतात.

टोपलीत टाकताना गोळा हातानं सैल पिंजून पसरवा. घट्ट गोळा टाकला तर आतला भाग अंधारात सडतो.

पहिले दोन महिने

पहिल्या दहा-बारा दिवसांत काहीच घडत नाही असं वाटेल. शेवाळ कधीकधी फिकंही पडतं. नायट्रेट आणि फॉस्फेट दर आठवड्याला एकाच वारी, खायला घालण्याआधी तपासा आणि लिहून ठेवा. फरक चौथ्या ते सहाव्या आठवड्यात दिसायला लागतो. या काळात स्किमर, फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) आणि पाणी बदलणं, सगळं पूर्वीसारखंच चालू ठेवायचं. सॉक तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर गाळ शेवाळावर येऊन बसतो.

नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मध्ये आलं की थांबा. दोन्ही शून्यावर नेणं हे यश नव्हे. शून्याला शेवाळ मरतं, प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेटचा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकट थर वाळूवर यायला मोकळा होतो. आकडा खाली घसरत राहिला तर दिव्याचे तास कमी करा.

एक अडचण पुष्कळांना येते: नायट्रेट शून्य, फॉस्फेट मात्र ०.३ वर अडकलेलं आणि शेवाळाची वाढ थांबलेली. समुद्री शेवाळात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण साधारण ५५० : ३० : १ असतं, हे ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये दाखवलं. म्हणजे फॉस्फरसच्या एका अणूमागे शेवाळाला नायट्रोजनचे तीस लागतात. नायट्रोजन संपला की फॉस्फेट कितीही असो, ते उचलता येत नाही. अशा वेळी आणखी मोठा दिवा लावून उपयोग नाही. खाणं किंचित वाढवा, नाहीतर नायट्रेटचा डोस देऊन पातळी ५ वर आणा. फॉस्फेट आपोआप उतरू लागेल.

बिघाड ओळखणं

शेवाळ फिकट पिवळट किंवा पांढुरकं पडत असेल आणि नायट्रेट ठीक असेल, तर लोह कमी पडतंय. रीफसाठीचा चिलेटेड लोहाचा डोस बाटलीवर लिहिलंय त्याच्या निम्म्यानं सुरू करा. पाणी नियमित बदलणाऱ्या टाकीत ही वेळ सहसा येत नाही.

वरून हिरवं, आतून तपकिरी आणि हाताला बुळबुळीत लागलं तर गोळा फार मोठा किंवा फार घट्ट झालाय. बाहेर काढा, पिंजा, सडलेलं फेका, निम्मं परत टाका.

चेटोवरच केसाळ शेवाळ किंवा लालसर सायनो (सायनोबॅक्टेरियाचा थर) चढत असेल तर पाणी तिथे साचून राहतंय किंवा गाळ बसतोय. छोटा पंप लावण्याची हीच वेळ.

एका रात्रीत विरघळून पाणी गढूळ झालं तर खारटपणा तपासा. ऑटो टॉप-ऑफचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्रणेचा) फ्लोट अडकून गोडं पाणी भसाभसा शिरणं हे नेहमीचं कारण, दुसरं म्हणजे तापमान. एप्रिल-मे मध्ये बंद कपाटात सम्पचं पाणी ३० अंशांच्या वर गेलं की चेटो कुरकुरायला लागतं. कपाटाच्या मागच्या फळीला दोन भोकं पाडून १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा बाहेर हवा फेकेल असा लावा. पंख्यानं बाष्पीभवन वाढतं, दिवसाला ५ लिटर सहज. सम्पच्या रचनेमुळे ही सगळी घट फक्त रिटर्नच्या कप्प्यात दिसते, आणि तिथे १ सेंमी म्हणजे फक्त ०.८४ लिटर. पाच लिटर उडाले की पातळी १६ वरून १० वर, पंप हवा ओढतो आणि टाकीभर बारीक बुडबुडे. टॉप-ऑफ नसेल तर उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ आरओचं पाणी हातानं घालावंच लागेल.

शेवाळाच्या गोळ्यात अडकलेले चमकदार बुडबुडे हा मात्र बिघाड नाही. तो प्राणवायू आहे, सगळं नीट चालल्याची खूण.

रात्री वीज गेली तर शेवाळही प्राणवायू खाऊ लागतं, हे विसरू नका. इन्व्हर्टरवर निदान रिटर्न पंप असू द्या, दिवा नसला तरी चालेल.

काढणी

टोपली भरली आणि गोळा पाण्याच्या पातळीला टेकला की तिसरा हिस्सा ते अर्धा काढायचा. चांगला उजेड असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी ही वेळ येते. काढणं टाळलं तर खालचं शेवाळ अंधारात सडून शोषलेलं सगळं परत सोडतं, मग रिफ्यूजियम असून नसल्यासारखा.

काढलेला भाग सम्पच्याच पाण्यात, टोपलीच्या वर धरून चार-पाच वेळा झटका, म्हणजे पॉड परत पडतील. मग पिळून वजन करा आणि वहीत लिहा. ढोबळ हिशोब असा: अर्धा किलो पिळलेल्या शेवाळात कोरडा ऐवज सुमारे ५० ग्रॅम. त्यात तीन टक्के नायट्रोजन धरला तर दीड ग्रॅम, म्हणजे साडेसहा ग्रॅम नायट्रेट. सम्पसकट २८० लिटर पाण्यात हे सुमारे २३ पीपीएम होतात. तेवढं नायट्रेट पाणी बदलून काढायचं तर किती मीठ लागेल, याचा विचार करा.

पॉडबद्दल मात्र फार आशा लावू नका. रिटर्न पंपाच्या पात्यात ते सगळे मरतात हे खरं नाही, बारीक असल्यानं बरेचसे धडधाकट वर पोचतात. पण २० लिटरच्या कप्प्याच्या जोरावर मँडरिन मासा पाळायला निघू नका. तो दिवसभर पॉडच खात असतो आणि इतकी पैदास इथे होत नाही.

काढलेलं शेवाळ खाडीत, नाल्यात किंवा समुद्रात टाकायचं नाही. कॉलर्पा टॅक्सिफोलिया हे शेवाळ १९८४ मध्ये मोनॅकोजवळ समुद्रात सापडलं आणि तिथून भूमध्य समुद्रात पसरत गेलं. तेच २००० साली कॅलिफोर्नियात एका खाजणात दिसलं, तेव्हा त्यावर ताडपत्र्या अंथरून आत क्लोरीन सोडावं लागलं आणि काम २००६ पर्यंत चाललं. चेटो तितकं दांडगट नाही, तरी नियम तोच. जास्त झालेलं दुसऱ्या टाकीवाल्याला द्या; पिशवीत ओलसर ठेवलं तर दिवसभर टिकतं. उरलेलं नळाच्या पाण्यात दोनदा धुऊन मीठ काढा, गच्चीवर वाळवा आणि चुरून कंपोस्टच्या ड्रममध्ये थोडं थोडं मिसळा.